मणक्याच्या दुखण्यावरची गोळी आणि आईचा न बरा होणारा घसा : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आई ६८ वर्षांची, सांगलीला असते. मी पुण्यात. फेब्रुवारीत बाथरूममध्ये पाय घसरला आणि ती बसल्यासारखी दाणकन आपटली. एक्स-रेत कमरेतला एक मणका दबलेला निघाला. हाडं ठिसूळ झालीत म्हणाले. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, आराम करा, आणि ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा. शिवाय दर रविवारी हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम. ट्रामाडॉलच्या गोळीनं तिला आराम पडला हे आधीच सांगते. पहिल्या आठवड्यात कूस बदलतानासुद्धा ती कळवळायची, ते थांबलं. त्यामुळे त्या गोळीबद्दल वाईट बोललेलं तिला चालत नाही.

मे महिन्यापासून घशाचं सुरू झालं. आधी नुसती खवखव. मग सकाळी उठलं की आवाज बसलेला, दिवसभर खाकरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं. ताप नाही, सर्दी नाही. फॅमिली डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, फरक शून्य. मग कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला लाली आणि सूज आहे, अ‍ॅसिड वर येतंय म्हणाले, अ‍ॅसिड कमी करणारं पँटोप्राझोल लिहून दिलं. दोन महिने झाले, थोडंच बरं आहे. आई भजनी मंडळात गाते. यंदा आषाढीला ती टाळ धरून मागे बसली, तोंड उघडलं नाही. ते मला फार लागलं.

मागच्या महिन्यात आठ दिवस तिच्याकडे राहिले तेव्हा काही गोष्टी नजरेत आल्या. बोलताना तिची जीभ टाळ्याला चिकटून चट् असा आवाज येतो. पोळी कोरडी गिळवत नाही, ताकात कुस्करून खाते. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. आणि रात्रीची गोळी ती एका घोटावर घेते, लगेच आडवी होते. विचारलं तर म्हणाली, "अगं, जास्त पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं. उठताना कंबर मोडते."

वाचून एवढं कळलं की ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातलं औषध आहे. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, म्हणून मेडिकलवाला दर वेळी ताजी चिठ्ठी मागतो. या वर्गातल्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, जठर सावकाश रिकामं होतं, बद्धकोष्ठ होतं. अन्न पोटात जास्त वेळ राहिलं तर अ‍ॅसिड वर येणार आणि घसा भाजणार, असं मला वाटतं. पण हाडांचे डॉक्टर घशाबद्दल विचारत नाहीत, घशाचे डॉक्टर गोळ्यांची यादी बघत नाहीत. दोन्ही फायली वेगळ्या.

एक चूकही सांगते. माझं ऐकून आईनं गोळी एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी घाम, नाक गळायला लागलं, जुलाब, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घाबरून पुन्हा सुरू केली. घशाचं काय झालं ते कळायला मार्गच नव्हता.

असं कोणाला झालंय का? घसा गोळीमुळे असेल तर गोळी कमी कशी करायची, आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद :
ताई, मी फार्मसिस्ट आहे. तुमचा तर्क चुकीचा नाही. ट्रामाडॉल घशाला थेट सूज आणतं असं मी म्हणणार नाही, पण कोरडं तोंड आणि मंदावलेलं पोट या दोन वाटांनी घशाला त्रास होऊ शकतो. पण मला जास्त काळजी रविवारच्या गोळीची वाटते. अ‍ॅलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. ती अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. आई तीही एका घोटावर घेतात का? आणि पट्टा जेवल्यावर घट्ट असतो का? पोट दाबलं गेलं की अ‍ॅसिड वर येतं. गिळताना दुखत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. ट्रामाडॉल मात्र पुन्हा एकदम बंद करू नका.

धागाकर्ती :
मनापासून आभार. आईला फोन केला. हो, रविवारची गोळीही एका घोटावर, आणि घेऊन परत अंथरुणात. पट्टा दिवसभर करकचून. हे मला कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही तिला विचारलं नव्हतं.

काल सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. रविवारची गोळी तूर्त थांबवली, गिळायची गरज नसलेल्या इंजेक्शनचं पुढच्या वेळी बघू म्हणाले. ट्रामाडॉल दर आठवड्याला थोडं थोडं उतरवायचं, आधी दुपारचं. पोटासाठी औषध दिलं. पट्टा जेवताना सैल. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. रात्रीची गोळी आता जेवणानंतर लगेच, पूर्ण पेला पाण्याबरोबर, म्हणजे झोपेपर्यंत दोन तास मिळतात.

घसा अजून तसाच आहे. महिनाभर थांबा म्हणालेत. दुपारची गोळी उतरवताना दुखणं परत वाढलं तर काय करता येतं, शेक, फिजिओ, आणखी काही, हे कोणी स्वतः केलं असेल तर जरूर लिहा.