मदत हवी आहे: फ्लॅटपॅकमधल्या ॲपला यूएसबी सिरियल पोर्ट दिसत नाही

बिनतारी:
उबुंटू २२.०४, फ्लॅटपॅक (ॲप बाकी सिस्टमपासून वेगळ्या कप्प्यात, म्हणजे सँडबॉक्समध्ये, चालवणारी सोय) १.१२.७. सिरियल मॉनिटरचं ॲप फ्लॅटहबवरून (फ्लॅटपॅक ॲपचं भांडार) घेतलंय. मायक्रोकंट्रोलर बोर्ड जोडला की होस्टवर (सँडबॉक्सबाहेरच्या मूळ सिस्टमवर) /डेव्ह/टीटीवायएसीएम० हा पोर्ट तयार होतो, एलएसयूएसबी या यूएसबी यादीच्या कमांडमध्येही बोर्ड दिसतो. ॲपमधली पोर्टची यादी मात्र रिकामी.

आतापर्यंत केलेलं: केबल बदलली. मग
सुडो फ्लॅटपॅक ओव्हरराइड --युजर --डिव्हाइस=ऑल <ॲप-आयडी>
चालवलं (ॲपची परवानगी वाढवायला), काहीच फरक नाही. टर्मिनलमध्ये सुडो (कमांड रूट म्हणजे प्रशासक म्हणून चालवणारा) लावून पिकोकॉम हा सिरियल पोर्टचा प्रोग्राम उघडला तर डेटा व्यवस्थित येतो, म्हणजे परवानगीची भानगड नसावी. अजून काय तपासू?

खिडकीआड:
सुडोने तुम्हाला दोनदा चकवलंय.

एक, सुडोसोबत --युजर दिलं की तो युजर म्हणजे रूट. ओव्हरराइडची फाइल रूटच्या होम डिरेक्टरीत जाऊन बसली, तुमच्या सेशनला तिचा पत्ताच नाही. तीच कमांड सुडोशिवाय द्या. फाइल तुमच्या होममध्ये .लोकल/शेअर/फ्लॅटपॅक/ओव्हरराइड्स इथे दिसली पाहिजे.

दोन, सुडोने पोर्ट उघडतो यावरून रूटला परवानगी आहे एवढंच कळतं. ती तर असतेच.

ओव्हरराइडनंतर ॲप पूर्ण बंद करा. सँडबॉक्सची रचना ॲप सुरू होतानाच ठरते, चालू ॲपला नवी परवानगी लागू होत नाही. खिडकी बंद करूनही काही ॲप मागे चालू राहतात. फ्लॅटपॅक पीएस मध्ये नाव दिसलं तर फ्लॅटपॅक किल द्या.

मग सँडबॉक्सच्या आत शिरून बघा:
फ्लॅटपॅक रन --कमांड=एसएच <ॲप-आयडी>
तिथे एलएस -एल ने टीटीवायएसीएम० शोधा. मालक आणि ग्रुप म्हणून ६५५३४ किंवा ‘नोबडी’ असलं काही दिसेल. घाबरू नका, यूझर नेमस्पेसमुळे (सँडबॉक्सच्या आत युजर-ग्रुपची वेगळी यादी दाखवणारी कर्नलची सोय) नावं तशी दिसतात. कर्नल खऱ्या ग्रुपवरूनच निर्णय घेतो.

बिनतारी:
सुडो काढून पुन्हा केलं. पोर्ट आता यादीत आला! पण कनेक्ट दाबलं की ‘पर्मिशन डिनाइड’.

खिडकीआड:
छान, म्हणजे सँडबॉक्सचं दार उघडलं. आता अडवतोय तो होस्ट. --डिव्हाइस=ऑल मुळे होस्टचं /डेव्ह आत दिसतं, तुमचे मूळ अधिकार काही वाढत नाहीत. सुडोशिवाय पिकोकॉम चालवून बघा, हाच एरर येईल.

उबुंटूवर सिरियल पोर्टचा ग्रुप ‘डायलआउट’ (आर्चवर ‘यूयूसीपी’). सुडो यूझरमॉड -एजी डायलआउट <तुमचं नाव>. यातला छोटा ‘ए’ विसरलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडाल, त्यात सुडोचाही आला! नंतर सरळ रीबूट करा. नुसत्या लॉगआउटनंतर युजरचा सिस्टमडी मॅनेजर (मागे राहून ॲप आणि सेवा सुरू करणारा) कधीकधी जुने ग्रुप घेऊन जिवंत राहतो आणि ॲप त्याच्याकडून सुरू होतं.

पाचर:
ग्रुपपेक्षा मला यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखून सांभाळणारी लिनक्सची सेवा) नियम बरा वाटतो. परवानगी त्या एका बोर्डापुरती राहते आणि समोर बसलेल्या युजरलाच मिळते. एलएसयूएसबीत ‘आयडी’पुढे कोलनच्या दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरं असतात, व्हेंडर आणि प्रॉडक्ट. सबसिस्टम टीटीवाय (सिरियल पोर्टांचा वर्ग) आणि ते दोन आयडी जुळवून टॅगमध्ये ‘यूॲक्सेस’ जोडा. फाइल /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये, नाव ७० ने सुरू होणारं. सवयीने ९९ देऊ नका: हा टॅग ७३-सीट-लेट ही फाइल वाचते, त्यामागून आलेला टॅग वाया जातो. यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड करून बोर्ड काढून पुन्हा लावा. गेटएफएसीएल (फाइलवर कोणाला परवानगी आहे ते दाखवणारी कमांड) मध्ये तुमचं नाव दिसलं की झालं.

बिनतारी:
नियम लिहिला, गेटएफएसीएल मध्ये नाव आलं, पोर्ट उघडतो. पण बोर्ड लावल्या लावल्या कनेक्ट केलं तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. थोडं थांबून केलं की चालतं.

पाचर:
मोडेममॅनेजर, म्हणजे मोडेम सांभाळणारी मागे चालणारी सेवा. एसीएम पोर्ट दिसला की हा मोडेम आहे का हे बघायला तो स्वतःच एटी कमांड (मोडेमला द्यायच्या आज्ञा) पाठवतो. खात्रीसाठी बोर्ड लावताच होस्टवर सुडो फ्यूझर -व्ही /डेव्ह/टीटीवायएसीएम० चालवा, पोर्ट कोणता प्रोसेस वापरतोय ते दिसेल. सँडबॉक्सच्या आतून चालवून उपयोग नाही, तिथून होस्टचे प्रोसेस दिसत नाहीत. उपाय: नियमांच्या फाइलीत आणखी एक ओळ, ‘आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर’ ची किंमत १. या ओळीत सबसिस्टम टीटीवाय नको, यूएसबी लिहा. मोडेममॅनेजर हा गुण मूळ यूएसबी डिव्हाइसवर शोधतो.

तिसरीघंटा:
सीएच३४० या यूएसबी-सिरियल चिपवाल्यांनी हे वाचलं तर: २२.०४ वर टीटीवाययूएसबी० क्षणभर दिसून गायब होतो. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) ‘बीआरएलटीटीवाय’ शोधा. ब्रेल डिस्प्ले समजून ती सेवा चिप बळकावते. ब्रेल वापरत नसाल तर पॅकेज काढून टाका.

बिनतारी:
ती ओळ टाकली, बिझी गेलं. एक शंका: --डिव्हाइस=ऑल ऐवजी फक्त सिरियल पोर्ट देता येईल का?

खिडकीआड:
नाही. १.१६ मध्ये यूएसबीसाठी वेगळी परवानगी आली आहे, पण ती लिबयूएसबीसारख्या (यूएसबी उपकरणाशी ॲपने थेट बोलायची लायब्ररी) थेट वापरासाठी. टीटीवायसाठी अजून ‘ऑल’च लागतं. आणि ‘ऑल’ दिलं की वेबकॅमचा /डेव्ह/व्हिडिओ० सुद्धा त्या ॲपला थेट उघडता येतो, पोर्टलचा (सँडबॉक्समधल्या ॲपच्या वतीने परवानगी विचारणारी सेवा) ‘कॅमेरा वापरू का?’ हा प्रश्न न येता. ज्या ॲपवर भरवसा नाही त्याला देऊ नका. दिलेलं परत घ्यायला फ्लॅटपॅक ओव्हरराइड --युजर --रीसेट <ॲप-आयडी>. यावेळीही सुडोशिवाय!