चौकटीत संवाद मावत नाहीत

तीन चौकटींची व्यंगपट्टी काढतोय. ए4 आयव्हरी (गुळगुळीत, जाड) कागद, 0.5 मिमी टोकाचं पेन. चित्र झाल्यावर संवादाच्या फुग्यात मजकूर अक्षरशः कोंबावा लागतो. वर एकच पात्र दर चौकटीत निराळं दिसतं. काय करावं?

— क्रम उलटा करा. आधी पेन्सिलीने अक्षरं, मग त्यांच्याभोवती फुगा, उरेल त्या जागेत चित्र. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार. अक्षर 4 मिमी असेल तर दोन शिरोरेषांत 8-9 मिमी सोडा. एका फुग्यात बारा-पंधरा शब्द, बस्स. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे आणि वर.

— पात्राची उंची डोक्याच्या मापात बांधा. विनोदी पात्राला तीन डोक्यांएवढी उंची पुरते. समोरून, बाजूने, तिरकं, असा तक्ता काढून टेबलासमोर चिकटवा. नाक आणि केसांची ठेवण बदलायची नाही, बाकी चेहरा हवा तेवढा वाकवा! सगळं 0.5 ने काढल्यास चित्र सपाट होतं. बाह्यरेषेला 0.8, सुरकुत्यांना 0.2.

— 0.2 जरा जपून. छापण्यासाठी दीडपट काढून लहान केलं की ती रेघ जेमतेम 0.13 उरते, वर्तमानपत्री कागदावर तुटते. 0.3 घ्या. स्कॅन 600 डीपीआयला (दर इंचात 600 ठिपके). आणि शाई पुरती वाळल्याशिवाय खोडरबर नको, काळं फिसकटतं.