वास्को द गामाने भारताचा सागरी मार्ग ‘शोधला’ हे वाक्य शाळेत शिकवावं का?

कृष्णाकाठ (सांगली): १४९८ साली वास्को द गामाने भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला, हे वाक्य मुलांकडून अजून घोकून घेतात. माझ्या मते ते काढून टाकावं. अरबी समुद्र ओलांडायची वाट त्याच्या आधी चौदाशे वर्षं तरी वापरात होती. रोमन काळात जहाजं जुलैत इजिप्तहून निघत, नैऋत्य वाऱ्यावर मलबार गाठत आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परतत.

गामाने पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरात वाटाड्या घेतला, २४ एप्रिलला शिडं उभारली आणि २३-२४ दिवसांत मलबारचा किनारा दिसला. परतताना मात्र वाऱ्याचं वेळापत्रक मोडलं. ५ ऑक्टोबरला त्याने गोव्याजवळचं अंजदीव बेट सोडलं, आणि ईशान्य वारा तर नोव्हेंबरशिवाय नीट धरत नाही. कधी वारा पडलेला, कधी समोरून. आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडला. स्कर्व्हीने (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा रोग) हिरड्या सुजून दातांवर चढल्या, ३० माणसं गेली, एकेका जहाजावर कामाचे सात-आठच उरले. समुद्र तोच, जहाजं तीच. फरक फक्त कोणत्या महिन्यात निघाला याचा.

अजिंक्यतारा (सातारा): दादा, तुम्ही गोष्ट मालिंदीपासून सुरू केलीत. लिस्बन ते मालिंदीचं काय? आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला जाताना आग्नेय व्यापारी वारा आणि समुद्रप्रवाह दोन्ही तोंडावर येतात. गामाने किनारा सोडून अटलांटिकमध्ये मोठा वळसा घेतला, पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात उतरला आणि मग पूर्वेला वळला. ऑगस्टपासून ४ नोव्हेंबरपर्यंत, तीन महिने, जमीन नाही.

शिवाय विषुववृत्ताखाली ध्रुवतारा दिसत नाही. मग दुपारी सूर्याची उंची मोजायची, त्या तारखेची सूर्याची क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते) कोष्टकातून घ्यायची आणि अक्षांश काढायचा. हलत्या डेकवर टांगलेलं अॅस्ट्रोलेब (उंचीचा कोन मोजायची धातूची चकती) झुलतं, माप काही अंशांनी चुकतं, म्हणून खात्रीचं माप जमिनीवर उतरूनच. एवढ्या हिशेबाला शोध म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

मिरज_जंक्शन: वाटाड्याबद्दल एक दुरुस्ती, पुढे कुणीतरी लिहीलच म्हणून आधीच. तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता, ही कथा आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. काही जुन्या पोर्तुगीज लेखनात तो गुजराती म्हटलाय.

पण या नावाड्यांचं ज्ञान म्हणजे नुसता अंदाज नव्हे. त्यांचं ‘कमाल’ हे साधन बघा. लाकडाची छोटी चौकोनी पाटी, मधोमध दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, पाटीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला लावायची. एकेका बंदराची गाठ ठरलेली. तारा त्या गाठीवर बसेपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकायचं, मग त्याच अक्षांशावर सरळ किनारा गाठायचा. दोरी सैल राहिली की माप चुकलंच. त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साडेतीन अंश दूर होता, त्यामुळे रात्रीची कुठली वेळ धरायची हेही ठाऊक असावं लागे. अजिंक्यतारा, तुमच्या कोष्टकाइतकंच हे शास्त्र आहे.

अजिंक्यतारा: मान्य. म्हणूनच माझं म्हणणं, त्याने माहितीतली दोन टोकं जोडली. आणि वाऱ्याचं म्हणाल तर आमच्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पोरांना उभं करा. जून ते ऑगस्ट पवनचक्क्यांची तोंडं पश्चिमेला, वीजही तेव्हाच भरपूर. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून, तोंडं फिरलेली. हाच वारा समुद्रात शिडं भरायचा. नकाशावरचे बाण दाखवण्यापेक्षा हे लवकर कळेल.

हळदपेठ (सांगली): ‘जोडली’ फारच सोज्वळ झालं. कालिकतच्या राजासाठी, म्हणजे झामोरिनसाठी, गामाने आणलं काय? १२ पट्टेदार कापडं, ६ हॅट, पोवळ्यांच्या ४ माळा, ६ भांडी, थोडी साखर, तेल, मध. दरबारी हसले, कारण तिथले व्यापारी सोन्याशिवाय भेट देत नसत. मालात टिकाव लागेना, तेव्हा तोफा पुढे आल्या. पुढे ‘कार्ताझ’ निघालं. पोर्तुगीज परवाना घ्या, त्यांच्या बंदरात जकात भरा, नाहीतर जहाज जप्त. मिरीच्या बाजारात हा खरा बदल. वाट सगळ्यांची होती, तिला नाका बसला.

कृष्णाकाठ: वळशाचं मला पटलं, ते मी धरलंच नव्हतं. मग वाक्य असं करू: “१४९८ साली वास्को द गामाने आफ्रिकेला वळसा घालून, स्थानिक वाटाड्याच्या मदतीने, युरोपला हिंदी महासागरातल्या जुन्या व्यापारी मार्गांशी समुद्रातून जोडलं.”

हळदपेठ: त्याच्या पुढच्याच ओळीत कार्ताझ टाका. पुढच्या पानावर नको.