मिनी लेथ सीएनसी करायचाय, आधी मेकॅनिकल की आधी इलेक्ट्रॉनिक्स?

आरसाघाशा_नाशिक

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ७×१४ चा चायनीज मिनी लेथ आहे, तोच तो सगळीकडे वेगवेगळ्या रंगात मिळतो तो, ३५० मिमी सेंटर टू सेंटर, ब्रशवाली डीसी मोटर. मी पेशाने टर्नर नाही, नोकरी कॉम्प्युटरवरची, छंद दुर्बिणीचा. सहा इंची न्यूटोनियन दुर्बिणीचा आरसा घरीच घासला, आणि आता कॅमेरा लावायचा म्हटल्यावर अडॅप्टरचं दुखणं सुरू झालंय. एम४२×०.७५ (४२ मिमी व्यास, ०.७५ मिमी पिच), कधी एम४८×०.७५, फिल्टरसाठी एम२८.५×०.६, असले बारीक आटे लागतात, तेही ॲल्युमिनियमवर, आणि पाच-सहा मिमी लांबीतच खांद्याला (जिथे जाड भाग सुरू होतो तिथे) जाऊन थांबायचं. हाताने करताना हाफ नट (टूलच्या कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा) सोडायला क्षणभर उशीर झाला की टूल सरळ खांद्यात, त्यात स्पीड कमी केला की मोटर रडते.

म्हणून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणारा लेथ, करायचं डोक्यात आहे. नेमा २३ च्या दोन स्टेपर मोटरी, त्यांना डीएम५४२ ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि आर्डुइनो उनो बोर्डवर जीआरबीएल हे कंट्रोल सॉफ्टवेअर, असा बेत आहे. कंट्रोलला जुना लॅपटॉप पडलाय. क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर नेणारी) डायल लावून बघितलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, जवळजवळ पाव मिमी. तो सॉफ्टवेअरमधून काढता येतो असं वाचलं, मग बॉलस्क्रूचा (नटात गोळ्या असलेला, कमी प्लेचा स्क्रू) खर्च टाळला तर चालेल का? मुख्य प्रश्न म्हणजे कुठून सुरुवात करू? चाळीस हजारांच्या आत बसवायचंय, घरी हिशोब मागतात.

स्टेप_डायरेक्शन

दादा तुझी खरेदीची यादी मिलिंग मशीनची आहे, लेथची नाही. त्यात सगळ्यात महत्त्वाची वस्तूच नाही, स्पिंडल एन्कोडर, म्हणजे जॉब फिरवणारा स्पिंडल किती फिरला ते मोजणारा सेन्सर.

उनोवरच्या जीआरबीएलला स्पिंडल कुठल्या कोनात आहे हे कळतच नाही, तो फक्त स्पिंडल चालू कर, बंद कर, स्पीड एवढा ठेव एवढंच सांगतो. आटे पाडताना प्रत्येक पासला (कटाला) टूल त्याच खाचेत पडायला हवं, म्हणजे स्पिंडलची एक फेरी झाली की झेड (टूलची लांबीच्या दिशेची चाल) बरोबर ०.७५ मिमी पुढे गेला पाहिजे आणि दर पासची सुरुवात त्याच कोनातून व्हायला हवी. ते नसेल तर दुसऱ्या पासलाच आटा खरवडून निघतो. ग्रबलहॅल नावाचा पुढचा अवतार आहे त्यात टीन्सी ४.१ सारख्या बोर्डवर स्पिंडल सिंक (झेडची स्पिंडलशी जुळणी) मिळतं, पण माझं मत विचारशील तर लेथला लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर. त्याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या ईएमसी कंट्रोलरमध्ये आहे, आज ते फुकट आहे आणि आटे पाडायला जी३३ आणि जी७६ या दोन्ही कमांड त्यात पक्क्या आहेत. मोठा फायदा असा की झेड हा एन्कोडरच्या मागे मागे चालतो, म्हणजे कट घेताना तुझी मोटर रडून ३०० वरून २६० आरपीएमवर आली तरी झेड पण तेवढाच मंदावतो आणि पिच बिघडत नाही. माक३ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फेरीला एकच पल्स घेऊन सरासरी स्पीडवर गणित चालतं, दमदार स्पिंडल असेल तर तेही निभावतं पण आपल्या या मिनी लेथवर मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

आता एन्कोडर कुठला. ए, बी आणि झेड, म्हणजे इंडेक्स (फेरीला एकच पल्स), अशा तिन्ही लाइनी हव्यात. स्पिंडलच्या मागच्या तोंडाला बसवू नकोस, तिथून बार जातो, बाजूला ब्रॅकेट करून टायमिंग बेल्टने एकास एक फिरव. एकास एकच हं, पुलीचे दात कमीजास्त झाले की इंडेक्स दर फेरीला वेगळ्याच जागी येतो. १०२४ पल्सचा एन्कोडर घेतलास तर क्वाड्रेचरने (ए-बी चे सगळे चढउतार मोजले की चौपट) फेरीला ४०९६ काउंट, ६०० आरपीएमला सेकंदाला जवळजवळ ४१ हजार. पॅरलल पोर्टवरून सॉफ्टवेअरने मोजायचं तर २५ मायक्रोसेकंदाच्या बेस थ्रेडमध्ये (लिनक्ससीएनसीच्या सगळ्यात जलद आवर्तनात) सेकंदाला ४० हजार वेळाच बघितलं जातं, काउंट निसटणार. म्हणून एकतर ६० खाचांची चकती आणि ऑप्टो सेन्सर वापरायचे (फेरीला २४० काउंट, आरामात मोजले जातात, इंडेक्सला एक खाच वेगळी) नाहीतर मेसाचं ७आय९६एस सारखं कार्ड घ्यायचं, ते मोजणी हार्डवेअरमध्ये करतं आणि इथरनेटवर चालतं. कार्ड महाग आहे, वर कस्टम ड्युटी, पण त्यात पाच स्टेप-डायरेक्शन चॅनेल, एक एन्कोडर आणि इनपुट-आउटपुट सगळंच येतं.

लॅपटॉप विसर. यूएसबीला प्रिंटर पोर्ट लावायची जी वायर मिळते तिच्यातून स्टेप पल्स जात नाहीत, आणि लॅपटॉपचं बॅटरी-पॉवर मॅनेजमेंट मधेच घुसून रिअल टाइमची, म्हणजे पल्स अचूक वेळेवर जाण्याची, वाट लावतं. ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप शोध, आधी लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर किती उशीर करतो ते दाखवणारी) चालव, आकडे बघ, मग पैसे दे.

उद्यमनगर_टर्नर

वरच्या भावानं इलेक्ट्रॉनिक्सचं बरोबर सांगितलंय, पण वायरिंगला हात लावायच्या आधी मशीन बघ की. मी कोल्हापुरात वीस वर्षं लेथवर हाय, सीएनसीवर पण काम केलंय. ढिल्या मशीनला मोटर लावली की ते ढिलं सीएनसी मशीन होतंय, बाकी काय बदलत नाही.

पाव मिमी प्ले सॉफ्टवेअरनं काढतो म्हणतोस, ते अर्धं खरं आणि अर्धं फसवं. नुसतं सरळ टर्निंग असंल, टूल कायम बाहेरनं आत येत असंल, तर स्क्रू एकाच बाजूला दाबलेला राहतो, प्ले दिसतच नाही. आट्यात पण प्रत्येक पासला एक्स (टूलची आत-बाहेर चाल) बाहेर जाऊन परत त्याच दिशेनं आत येतोय, निभावतंय. पण पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) करायला घे, नाहीतर गोलाई करायला घे जिथं एक्सला आत जाऊन परत बाहेर यायचंय, तिथं जॉब टूलला आत ओढतोय आणि पाव मिमी मोकळं हाय म्हटल्यावर ते जाणारच. सॉफ्टवेअरला प्ले किती ते सांगता येतंय, तो धरून ठेवायचं काम नटाचं. म्हणून एक्सला बॉलस्क्रू घालच. १६०५ (१६ मिमी जाड, फेरीला ५ मिमी) घेऊ नको, त्याच्या नटाची बॉडीच २८ मिमी, तुझ्या क्रॉस स्लाइडखाली जागा नाही. १२०४ बघ, त्यालाबी थोडं कोरावं लागंल, सॅडलचं बीड किती पातळ राहतंय ते आधी मोजून घे. स्वस्तातला रोल केलेला सी७ ग्रेडचा स्क्रू ३०० मिमीत ५० मायक्रॉनपर्यंत चुकू शकतोय, तुझ्या अडॅप्टरला तेवढं चालतंय.

गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढायची पट्टी) घट्ट करायच्या आधी उघडून बघ, या मशीनच्या गिब पट्ट्या बऱ्याचदा नुसत्या कापून बसवलेल्या असत्यात, ब्लू (कुठं टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून बघशील तर दोन टोकांलाच टेकत्यात. त्या घासून सपाट कर. आरसा घासलास म्हणतोस, मग तुला घासायला कंटाळा नसणार. कंपाऊंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची तिरकी फिरणारी छोटी स्लाइड) काढून टाक आणि त्या जागी एमएसचा (साध्या लोखंडाचा) भरीव ठोकळा लावून त्यावर टूलपोस्ट बसव. सीएनसीत टेपर (निमुळता आकार) एक्स आणि झेड मिळून करत्यात, कंपाऊंडचं काम उरत नाही, उलट चॅटर (टूलची थरथर) तिथनंच येतोय. हेडस्टॉकचा टेपर तपासायला चकात बार धर, टेलस्टॉकचा आधार देऊ नको, दोन टोकाला दोन कॉलर ठेवून हलका कट मार आणि दोन्ही मायक्रोमीटरनं माप.

आणि एक विचारतो, राग मानू नको. नुसत्या आट्यासाठी सीएनसी पाहिजेच का? तुझ्या चकाला मागनं तीन स्टड असत्यात, आट्यावर बसलेला चक नाही, म्हणजे उलटं फिरवलं तर सुटत नाही. टूल पालथं धर, स्पिंडल रिव्हर्स फिरव, आणि आटा खांद्यापासनं बाहेर टेलस्टॉकच्या दिशेनं पाड. खांद्याजवळ आधी खाच मारून ठेवायची. टूल जॉबपासनं लांब जातंय, आपटायची भानगडच नाही. हाफ नट मात्र सोडायचा नाही, टूल बाहेर घेऊन मोटर उलटी करून परत यायचं. आज संध्याकाळी करून बघ, रुपया खर्च नाही.

आरसाघाशा_नाशिक

टर्नरदादा, राग कसला. ते उलट्या टूलचं माहीतच नव्हतं, या रविवारी नक्की बघतो. पण सीएनसी करायचंच आहे, खरं सांगायचं तर मशीन बनवण्याचीच हौस जास्त आहे, अडॅप्टर निमित्त. शिवाय ग्रुपमधले तिघंचौघं मागतायत आणि एकाच मापाचे सहा-आठ करायचे म्हटलं की हाताने जीव जातो.

एन्कोडरचं पटलं. स्पिंडलचा स्पीड पण कंट्रोलरवरूनच बदलायचा आहे, म्हणजे लेथच्या पुढचा स्पीडचा नॉब काढून त्या तीन वायरी ब्रेकआउट बोर्डच्या (कंट्रोलरच्या वायरी जोडायचा बोर्ड) ०–१० व्होल्टला जोडायच्या, एका व्हिडिओत असंच दाखवलंय. यात काही गडबड?

पॅनलवाली_चिंचवड

थांबा थांबा, ते अजिबात करू नका!! या मिनी लेथच्या बऱ्याच स्पीड कंट्रोल बोर्डांवर तो नॉब मेन्सपासून वेगळा केलेलाच नसतो, त्याच्या तीन पायांवर थेट २३० ची ओळख असते. वरून प्लॅस्टिकचा नॉब आहे म्हणून हाताला लागत नाही इतकंच. तिथे ब्रेकआउट बोर्ड जोडलात की बोर्ड, कार्ड, कॉम्प्युटर सगळं जाईल, आणि त्याच वेळी तुमचा हात कॅबिनेटवर असेल तर काय होईल ते सांगायला नको. मध्ये ऑप्टो आयसोलेशन (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या, सिग्नल प्रकाशाने) असलेला सिग्नल बोर्ड लावायचाच. किंवा सुरुवातीला तो नॉब आहे तसाच राहू द्या, स्पीड हाताने लावा. एन्कोडर असल्यामुळे कंट्रोलरला खरा आरपीएम कळतोच आहे, आटे पाडायला एवढं पुरतं.

मी पॅनल वायरिंगचंच काम करते म्हणून अजून थोडं. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण फक्त कॉम्प्युटरच्या इनपुटला देऊन समाधान मानू नका, कॉम्प्युटर हँग झाला तर ते बटण म्हणजे शोभेची वस्तू. बटणाच्या एनसी (दाबल्यावर तुटणाऱ्या) कॉन्टॅक्टमधून एका कॉन्टॅक्टरची (मोठ्या रिलेची) कॉइल न्या, त्या कॉन्टॅक्टरवरून स्पिंडल आणि ड्रायव्हरचा सप्लाय तुटला पाहिजे, आणि दुसरा कॉन्टॅक्ट लिनक्ससीएनसीला द्या म्हणजे त्यालाही कळेल. बटण सोडल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, म्हणून लॅचिंगला वेगळं स्टार्ट बटण. एन्कोडरची केबल शील्डेड घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, आणि ती मोटरच्या वायरींच्या गठ्ठ्यातून नेऊ नका. ब्रशवाल्या मोटरच्या ठिणग्यांचा नॉइज इंडेक्सच्या लाइनवर आला की आटा मधेच सरकतो आणि माणूस मेकॅनिकलमध्ये दोष शोधत बसतो. अर्थिंग घरचं तपासा आधी. जुन्या इमारतीत तीन पिनचं सॉकेट असतं, तिसऱ्या पिनमागे काहीच नसतं.

स्टेप_डायरेक्शन

बाप रे हे नॉबचं बरं झालं वर आलं, मी विसरलोच होतो सांगायला. +१

आरसाघाशा, तुझं ऐकून एक मधला मार्ग सुचवतो. आधी फक्त झेड कर. आहे तोच लीडस्क्रू ठेव, चेंज गिअर (पिच ठरवणारे बदलते गिअर) काढून त्या जागी स्टेपर लाव, स्पिंडलला एन्कोडर लाव, आणि एका मायक्रोकंट्रोलरवर इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू बनव. ०.७५, ०.६ जे पाहिजे ते स्क्रीनवर निवडायचं, गिअर बदलायची कटकट संपली, आणि हँडल वगैरे सगळं हाताने चालतं तसंच राहतं. हे लोक विसरतात, झेडला बॉलस्क्रू आणि मोटर कायमची लागली की कॅरेज हाताने ढकलायचं सुख गेलं, मग एक फेसिंग (तोंड सपाट करणं) मारायची तरी जॉग बटण (टूल सरकवायचं) नाहीतर एमपीजीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक हँडलचं, चाक लागतं. पुढे पूर्ण सीएनसी केलंस तरी मोटर, ड्रायव्हर, एसएमपीएस, एन्कोडर काहीच वाया जात नाही.

एक्सच्या रिझोल्यूशनचं गणित पण आत्ताच करून ठेव. १२०४ म्हणजे फेरीला ४ मिमी. ड्रायव्हर २००० स्टेपवर ठेवलास तर एका स्टेपला २ मायक्रॉन त्रिज्येत, म्हणजे व्यासात ४. कागदावर छान दिसतं, पण मायक्रोस्टेप (मोटरच्या एका स्टेपचे ड्रायव्हरने केलेले बारीक भाग) लोडखाली तेवढे खरे उतरत नाहीत, म्हणून दोनास एक बेल्ट रिडक्शन दे. मोटर बाजूला वळवून बसवता येते हा वरचा फायदा.

आरसाघाशा_नाशिक

ठरलं मग, आधी गिब आणि टेपर, त्यानंतर एन्कोडर आणि झेड. नॉब आहे तिथेच राहील. ताईंचे विशेष आभार, पुढच्याच आठवड्यात ती वायर कापणार होतो.

शेवटचं एक. लिनक्ससीएनसी सिम्युलेटरवर लावून जी७६ खेळून बघतोय. एम४२×०.७५ ला खोली किती द्यायची? मी पिचच्या ०.६१३ पटीने ०.४६ काढली, पण स्क्रीनवर आटा उथळ दिसतोय.

उद्यमनगर_टर्नर

जी७ मोडमध्ये असशील. जी७ म्हणजे व्यासाचं माप, त्यात जी७६ चे आय, जे आणि के तिन्ही व्यासातच द्यायचे. ०.४६ ही एका बाजूची खोली हाय, के ला (आट्याची पूर्ण खोली) ०.९२ टाक. टूल एक्स ४४ वर उभं असंल तर आय (तिथनं आट्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर) उणे २, बाहेरच्या आट्याला आय उणेच असतोय. जे म्हणजे पहिला कट, ॲल्युमिनियमला ०.२ ठेव, आर १.५ दिलास की पुढचे कट आपोआप बारीक होत जात्यात, क्यू २९.५ म्हणजे टूल एकाच अंगानं कापत आत जाईल आणि चॅटर कमी होईल, शेवटी दोन स्प्रिंग पास (खोली न वाढवता तोच कट परत) दे. स्पिंडल ३०० वर ठेव, झेड मिनिटाला २२५ मिमीच पळतोय, तुझ्या स्टेपरला ते काहीच नाही. जॉबच्या तोंडाच्या चारपाच मिमी आधीपासनं सुरू कर म्हणजे झेडला स्पिंडलचा वेग गाठायला जागा मिळंल. खांद्याजवळ दोन मिमी रुंद खाच आधीच मार, खोली आट्याच्या तळापेक्षा जरा जास्त, आणि प्रोग्रामचा झेड त्या खाचेच्या मधोमध संपव.

ॲल्युमिनियमची चिप लांब निघून चकाभोवती गुंडाळती, कंट्रोलरला ती दिसत नाही. ब्रशनं थोडं रॉकेल लावत राहा, फुल बाह्यांचा शर्ट नको, आणि सायकल चालू असताना चहा प्यायला जाऊ नको.

आरसाघाशा_नाशिक

०.९२ टाकलं, बरोबर दिसतंय आता. गिब काढल्यावर ब्लूचे फोटो इथेच टाकतो, किती टेकतायत ते बघून सांगा.

उद्यमनगर_टर्नर

टाक. ब्लू पातळ लाव पण, जाड लावलास की सगळीकडंच टेकल्यागत दिसतंय.