बॅकग्राउंडला चालणाऱ्या ठरल्या वेळेच्या कामांना मराठीत काय म्हणावं?

केतकी_प
एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची मराठी मदतपुस्तिका लिहितेय. 'शेड्यूल्ड बॅकग्राउंड टास्क'पाशी अडलेय. 'मुदत ठेवींवरील व्याजाची आकारणी दररोज रात्री पार्श्वभूमीवर होते' असं लिहिलं, तर शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, "कशाच्या पार्श्वभूमीवर?" त्यांचं बरोबर आहे. निवडणुकीच्या, दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर काहीबाही होतं. नुसतं पार्श्वभूमीवर मराठीत काहीच होत नाही. सुचवा.

अनुस्वार
'नियोजित पार्श्वकार्य'. पार्श्वगायक चालतो, पार्श्वसंगीत चालतं, मग पार्श्वकार्यानेच काय घोडं मारलंय? दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्दही वापरूनच रुळले.

पाटाचं_पाणी
संस्कृतात पार्श्व म्हणजे बाजू, कूस. मागचं नव्हे. आमच्याकडे सगळे 'क्रॉन लावलाय', 'रात्रीचा जॉब अडकला' असंच म्हणतात. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम. गजर लावतो तसा क्रॉन लावतो. लावला, अडकला म्हणालात की शब्द मराठी झाला.

केतकी_प
क्रॉन तुम्हाआम्हाला कळतो, शाखेतल्या रोखपालाला नाही.

रानजाई
मुळात या दोन गोष्टी आहेत. शेड्यूल्ड म्हणजे वेळ ठरलेली. बॅकग्राउंड म्हणजे पान उघडून बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. सेलरी या कामं रांगेत लावून करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे स्पष्ट दिसतं : वेळ झाली की 'बीट' काम फक्त रांगेत टाकतो, करतो तो 'वर्कर'. सभासदाने खातेउतारा मागितला तर तो तयार करणाराही वर्करच, पण त्याला वेळापत्रक नाही. आपल्याकडे ही जोडी तयार आहे : नित्य आणि नैमित्तिक. आणि बॅकग्राउंडला 'परस्पर'. 'व्याजाची आकारणी रोज रात्री परस्पर होते.'

पाटाचं_पाणी
पतसंस्थेच्या पुस्तिकेत 'परस्पर' नको! 'परस्पर पैसे काढले' हीच बातमी लोक वाचत आलेत.

तिन्हीसांजा
रतीब घ्या. दुधाचा रतीब रोज ठरल्या वेळी येतो, कुणाला हाक मारावी लागत नाही.

अनुस्वार
रतीब मूळचा अरबी. शिवाय आता 'कवितांचा रतीब घालतो' असं नावं ठेवतानाच जास्त वापरतात.

तिन्हीसांजा
अरबी असला म्हणून काय झालं? तारीखही अरबीच आहे, आणि दिनांक येऊनही ती हटलेली नाही. माझी आजी रतीब म्हणायची, तिने कधी अरबी शिकून घेतली नव्हती.

पाटाचं_पाणी
शब्द कुठलाही घाला, पण 'रात्री' लिहिण्याआधी क्रॉनची ओळ बघा. '० २ * * *' म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना, वार. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर ते २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. पुस्तिकेत रात्र आणि मेसेज चहाच्या वेळी, असं होतं. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेसचं तर आणखी वेगळं. कुणी पान उघडलं की मगच ते बघतं, वेळ झालेलं काही बाकी आहे का. रात्रभर कुणी फिरकलं नाही तर काम तसंच पडून. तिथे 'ठरल्या वेळी' म्हणणंच खोटं.

रानजाई
हे महत्त्वाचं आहे. 'नित्य'मध्ये घड्याळ नाही, म्हणून तोच बरा.

माडांखाली
क्रॉन हा स्वतः एक 'डेमन', म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम. एमआयटीत १९६३च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञ कॉर्बाटो यांच्या गटाने हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पित डेमनवरून घेतला : न दिसता, न थकता काम करणारा. त्यात सैतान नाही. आमच्या मालवणात यासाठी नेमका शब्द आहे, राखणदार. रात्री गावाच्या सीमेवर फेरी मारतो, दिसत नाही, बोलवावा लागत नाही. मी तर 'राखणदाराची कामं' म्हणेन.

अनुस्वार
राखणदार राखतो, व्याज मोजत नाही.

शापोरा_काठ
आमच्याकडे पेडण्यात देवचार म्हणतात. त्याला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यावा लागतो.

माडांखाली
देवचार आणि राखणदार एक नव्हेत. राखणदार गावाचा असतो, देवचार जागेचा.

शापोरा_काठ
कुणी सांगितलं? आमचा देवचार अख्ख्या वाड्याची राखण करतो, म्हणून तर त्याला राखणदारही म्हणतात. तुमच्या गावात रोट कोण देतं, ते आधी सांगा.