फ्लॅनन बेटांचं दीपगृह : यात गूढ उरलंय का?

दर्यासारंग :
स्कॉटलंडच्या लुईस बेटाच्या पश्चिमेला, भर समुद्रात फ्लॅनन बेटांपैकी आयलन मोर नावाचं बेट आहे. तिथला दिवा ७ डिसेंबर १८९९ ला पहिल्यांदा लागला. वर्ष उलटून आठवडा झाला नाही तोच ड्यूकॅट, मार्शल आणि मॅकआर्थर हे तिघे रखवालदार नाहीसे झाले. तेव्हापासून भुतंखेतं काय, समुद्रराक्षस काय, उगाळणं चालूच. दीपगृहात अर्धवट जेवण नि कलंडलेली खुर्ची सापडली, ही गोष्ट तर १९१२ च्या एका इंग्रजी कवितेतली. प्रत्यक्षात भांडी घासून ठेवलेली होती. चौकशीला गेलेल्या, दीपगृह मंडळाच्या मुइरहेडना पश्चिमेच्या धक्क्याकडे ११० फुटांवरची दोरखंडांची पेटी फुटलेली दिसली, लोखंडी कठडे वाकलेले, दोनशे फुटांवरचं गवत मुळासकट निघालेलं. लाटेने नेलं त्यांना. विषय संपला.

तिरकस :
इतक्यात? मॅकआर्थरचा मेणकापडी कोट दीपगृहातच होता. डिसेंबरात नुसत्या सदऱ्यावर कोण बाहेर पडतं? शिवाय एकाने दिव्यापाशी थांबायचंच, असा नियम.

दर्यासारंग :
सोबती संकटात असले की कोट घालत बसतात का लोक?

तिरकस :
हा तुमचा अंदाज झाला. रखवालदारांच्या नोंदींच्या पाटीवरची शेवटची नोंद १५ डिसेंबर १९००, सकाळी ९ ची. मुइरहेड पोचले २९ ला. मधे हवा इतकी वाईट, की बदली रखवालदार घेऊन २० ला निघायची ‘हेस्पेरस’ बोट २६ ला बेटाला लागली. मग ती मोडतोड १५ चीच कशावरून?

खाजणकाठ :
तुम्ही लाटेवरच भांडा. मला राग येतो १५ ते २६ मधल्या त्या अकरा दिवसांचा. १५ च्या रात्री ‘आर्क्टर’ जहाज तिथून गेलं, त्यांना दिवा दिसला नाही. बंदराला लागल्यावर त्यांनी सांगितलं, पण खबर दीपगृह मंडळापर्यंत गेलीच नाही! लुईसच्या किनाऱ्यावर नजर ठेवायला माणूस होता, पण धुक्यात दिवा न दिसणं नेहमीचंच, म्हणून तोही गप्प. आणि चौकशीला कोण? मंडळाचाच अधिकारी.

दर्यासारंग :
१६ तारखेला कळलं असतं तरी ते वाचले असते?

खाजणकाठ :
नसतेच बहुतेक. पण त्या अकरा रात्री जी जहाजं तिथून गेली, त्यांचं काय? दिवा विझलाय हेच मंडळाला कळत नसेल तर ही कसली व्यवस्था?

तिरकस :
हे पटलं. १९७१ पासून तिथे माणूसच नसतो, दिवा आपोआप चालतो. मोडतोडीच्या तारखेचं मात्र कुणीच बोलत नाहीये. सारंगराव?