दारावर नाव कुणाचे कोरायचे?

खानापूरकर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची इमारत पावसाने खचली आहे आणि ती नव्याने बांधायची आहे. पुण्यात व्यवसाय करून नावारूपाला आलेल्या एका गावकऱ्याने सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. त्यांची अट एकच आहे: दारावर त्यांच्या वडिलांचे नाव संगमरवरात कोरले जावे. (वडिलांनी वाचनालयातून कधी पुस्तक नेल्याचे कुणाला आठवत नाही, पण ते सोडून देऊ.) बैठकीत मी एकट्यानेच विरोध केला आणि साऱ्यांच्या रोषाचा धनी झालो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पैशाने नाव विकत मिळते, स्मरण मिळत नाही, असे माझे मत आहे. आपल्याच भागातले गंगाधरराव देशपांडे घ्या. 1871 साली हुदलीच्या वतनदार घराण्यात जन्मलेल्या या माणसाने टिळकांच्या मागे जाऊन घरची सुखवस्तू वाट सोडली. गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, त्या 1924 च्या बेळगाव अधिवेशनाची उभारणी त्यांनी अंगावर घेतली आणि पुढे हुदलीत खादीचे काम रुजवले. त्या काँग्रेसच्या आठवणीचे नाव मिरवणाऱ्या रस्त्यावरून रोज दुचाकी हाकणाऱ्या दहा मुलांना गंगाधरराव कोण, असे विचारून पाहा. नाव मागे पडले, पण हुदलीत सूत अजून कातले जाते, आणि माझ्या लेखी त्यांचा वारसा तोच आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही लांबचे नाही. राजहंसगडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे 2023 च्या मार्च महिन्यात, निवडणूक तोंडावर असताना, तीन दिवसांच्या अंतराने दोनदा अनावरण झाले, एकदा एका पक्षाकडून आणि एकदा दुसऱ्याकडून. महाराजांना त्या पुतळ्याची गरज नव्हती. गरज होती ती कोनशिलेवर ज्यांची नावे यायची होती त्यांना.

निपाणीकर

आपले लिखाण मनापासून वाचले आणि तितक्याच मनापासून ते पटले नाही. आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखूचा व्यापार आहे, तेव्हा पैशाची बाजू घेतल्याचा आरोप आधीच मान्य करून टाकतो.

बेळगावात 1916 साली सात तरुण शिक्षकांनी एक शाळा काढली आणि तिच्यातून के. एल. ई. (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) ही शिक्षणसंस्था वाढली. त्या सातांना लोक आदराने सप्तर्षी म्हणतात, पण त्यांची सातही नावे सांगू शकणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे. संस्थेचे महाविद्यालय 1933 साली निघाले तेव्हा त्याला नाव मिळाले ते सिरसंगीच्या लिंगराज देसाईंचे, आणि विज्ञान महाविद्यालयावर नाव आहे ते वंटमुरीच्या राजा लखमगौडांचे. लिंगराजांनी आपली देसगत, म्हणजे देसाईपदाची वतनी मिळकत, मृत्युपत्राने मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली आणि 1906 साली ते वारले. पाटीवर नाव आहे म्हणून त्यांचे दान हलके झाले, असे आपण म्हणणार आहात काय? माझ्या मते त्या पाटीमुळेच पुढच्या देसायांना आणि व्यापाऱ्यांना आपणही असे काही करावे असे वाटले. नावाची हाव ही माणसाची खोड असेल, तर तिला वाचनालयाच्या कामी जुंपण्यात शहाणपण आहे.

आणि ज्यांना नावाची हाव नाही, त्यांनाही आधी पैसा मिळवावाच लागतो. अझीम प्रेमजींच्या घराण्याचा उद्योग 1945 साली अमळनेरला वनस्पती तेलापासून सुरू झाला. 2019 पर्यंत त्यांनी आपल्या नावाच्या, शिक्षणाचे काम करणाऱ्या फाउंडेशनला दिलेल्या संपत्तीचे मूल्य सुमारे 1.45 लाख कोटी रुपये झाले होते. 2024 पासून कर्नाटकातल्या सरकारी शाळांत आठवड्याचे सहा दिवस जी अंडी मिळतात, त्यांतल्या चार दिवसांचा खर्च त्याच फाउंडेशनने तीन वर्षांसाठी दिलेल्या 1,500 कोटींतून होतो. आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांची मुलेही ती अंडी खातात, आणि जी खात नाहीत त्यांना केळी किंवा चिक्की मिळते. अंड्यावर कुणाचे नाव नसते हे मला मान्य आहे, पण मुळात पैसाच नसता तर त्या ताटात काय पडले असते?

टिळकवाडीचा वाचक

पैसा एका पारड्यात आणि काम दुसऱ्या पारड्यात, ही मांडणीच मला चुकीची वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईतल्या नोकरीत हक्काची बढती दुसऱ्याला गेली म्हणून ते बेळगावला परतले आणि इथे त्यांनी सायकलींचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर असे एकेक उभे केले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर बराच काळ विक्रीविना पडून होते. पुढे नगरपालिकेच्या विस्ताराच्या योजनेत कारखान्याची जागा गेली, आणि औंधच्या राजांनी जमीन दिल्यावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. आज बेळगावच्या बाजारात किर्लोस्कर रोड आहे. ज्या गावाने कारखाना घालवला त्याने रस्त्याला नाव देऊन फिटंफाट केली, असे मी थोड्या कडवटपणेच म्हणतो.

सांगायचे ते पुढेच आहे. तेच नांगर विकत गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. किर्लोस्करांनी नफ्यासाठी नांगर केला आणि त्या नांगराच्या विक्रीसाठी हिंडणाऱ्या माणसाला खेड्यांतली निरक्षरता जवळून दिसली. इथे संपत्ती कुठे संपते आणि वारसा कुठे सुरू होतो, हे कुणी मला आखून दाखवावे.

शहापूरची शिक्षिका

सर्वांचे वाचले. आपण सारे इमारती, कारखाने आणि ठेवी यांच्याविषयी बोलत आहात, आणि त्यांत एकही बाई आली नाही हेही नोंदवून ठेवते.

इंदिरा संत आमच्या बेळगावात राहिल्या. ऐन तारुण्यात, 1946 साली, पतीचा मृत्यू झाला. पदरी मुले होती. त्यांनी नोकरी केली, शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या, आणि या सगळ्यातून वेळ काढून त्या कविता लिहीत राहिल्या. त्यांनी इमारत बांधली नाही. 2000 साली त्या गेल्या, पण माझ्या वर्गातली एखादी अबोल मुलगी त्यांच्या चार ओळी वहीत उतरवून घेते, तेव्हा मला संगमरवराची आठवणही होत नाही. सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचेही तसेच आहे. दहा-बारा वर्षांचे असतानाच त्यांना देशभर कीर्ती मिळाली होती, ती क्षयाच्या आजारपणात पाच-सहा वर्षे गप्प बसली, आणि देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली नसती तर आज आपण त्यांना एक चमत्कारी बालगायक एवढेच ओळखले असते. पहिली कीर्ती फुकट गेली आणि दुसरी कमावलेली ठरली, असा फरक मी करीन.

निपाणीकर अण्णा, यावर आपण पैशाचे गणित कसे लावणार?

निपाणीकर

ताई, गणित लावता येते, पण ते आपल्याला आवडणार नाही. त्या कविता कुणीतरी पैसे घालून छापल्या, आणि वाचनालयांनी विकत घेतल्या म्हणूनच त्या आपल्या वर्गापर्यंत पोहोचल्या. तरीही पहिल्या आणि दुसऱ्या कीर्तीतला फरक मला मान्य आहे.

नंदगडकर

आमच्या गावचे उदाहरण कुणीच दिले नाही, याचे आश्चर्य वाटते. संगोळ्ळी रायण्णा हा कित्तूर संस्थानाच्या चाकरीतला शेतसनदी, म्हणजे गावकीच्या चाकरीबद्दल जमिनीचा तुकडा मिळालेला साधा माणूस. कित्तूर इंग्रजांच्या हाती पडल्यावरही तो लढत राहिला, फितुरीने पकडला गेला, आणि 26 जानेवारी 1831 रोजी इंग्रजांनी त्याला नंदगडला फाशी दिले. त्याच्या समाधीजवळच्या वडाला बायका मुलासाठी नवस बोलून पाळणे बांधतात. तो कानडी मुलखाचा वीर, आणि पाळणे बांधणाऱ्यांत मराठी बोलणाऱ्या आमच्या घरच्या बायकाही असतात. त्याच्या नावावरून शहरात चौकाचौकांत जे वाद घडतात ते त्या वडापर्यंत पोहोचलेले मी तरी पाहिले नाहीत. या माणसापाशी पैसा नव्हता, संस्था नव्हती आणि त्याने एक ओळही लिहिली नव्हती, तेव्हा वरचे तिन्ही हिशेब इथे अपुरे पडतात.

खानापूरकर

नंदगड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर असून मला रायण्णा सुचला नाही, याची लाज वाटते. निपाणीकरांच्या लिंगराजांपुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो हेही कबूल करतो. पण एक फरक उरतोच: लिंगराजांनी मिळकत दिली तेव्हा महाविद्यालयाची पाटी अस्तित्वातच नव्हती, ते गेल्यावर सत्तावीस वर्षांनी इतरांनी त्यांचे नाव दिले. आमचे देणगीदार पाटी आधी मागत आहेत आणि पैसे नंतर देणार आहेत.

म्हणून बैठकीत असे सुचवावे म्हणतो की त्यांनी कायम ठेव ठेवावी, तिच्या व्याजातून दरवर्षी पुस्तके घ्यावीत, आणि प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर त्यांच्या वडिलांच्या नावाचा शिक्का असावा. दारावर मात्र गावाचेच नाव राहील.

निपाणीकर

शिक्का चांगला आहे. पण ठेवीच्या व्याजातून भिंती उभ्या राहत नाहीत, आणि भिंतीच नसतील तर शिक्का मारलेली पुस्तके पुढच्या मृगात भिजतील. निम्मी रक्कम बांधकामाला आणि निम्मी ठेवीला अशी विभागणी करा, आणि आतल्या खोलीत एक लहानशी पितळी पट्टी मान्य करा; नाहीतर देणगीदार पुण्याहूनच नमस्कार करतील.

खानापूरकर

पट्टीला माझी हरकत मी मागे घेतो. बैठक रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात आहे आणि देणगीदार फोनवर असतील. बांधकामाचा अंदाज कुणाला काढून देता येत असेल, तर शनिवारपर्यंत कळवावे.